विशेष काही नाही

घरात डॉक्टर असला की नातेवाईक त्याला जीभ दाखवतात, वकील असला की सातबारा. आमचे आतोबा केमिकल इंजिनियर होते, म्हणून त्यांना सगळे डाग दाखवत. लग्नातल्या पैठणीवर वरणाचा ओघळ, शर्टाच्या खिशाला शाई, मोरीच्या फरशीवर गंज. "तुम्ही केमिकलवाले ना? मग हे कशानं जाईल हो?" आतोबा चष्मा कपाळावर सारून डागाकडे बघत. "हळद आहे. साबण लागला की लाल होईल, घाबरू नका. कडक उन्हात टाका." डाग जाई, पण आतोबांचं तोंड कडू होई. कारण त्यांच्या मते हे केमिस्टचं काम. "केमिस्ट चंबूत चमचाभर बनवतो. तेच रोज शेकडो टन बनवायचं आणि संध्याकाळी सगळ्यांनी धडधाकट घरी जायचं, याला केमिकल इंजिनियरिंग म्हणतात!" हे वाक्य पुरं होईपर्यंत पाहुणे साडी घेऊन जिन्यात पोचलेले असत.

शिकले माटुंग्याला, यूडीसीटीत. मुंबई विद्यापीठानं १९३३ साली काढलेला हा रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग. पुढे त्याचं यूआयसीटी झालं, २००८ साली आयसीटी नावाचं अभिमत विद्यापीठ झालं. पाटी बदलल्यानं टाकीतला माल बदलत नाही, असं म्हणून आतोबा शेवटपर्यंत यूडीसीटीच म्हणत राहिले. तिथले प्रा. एम. एम. शर्मा १९९० साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय केमिकल इंजिनियर. आतोबांनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. शेजारणींनी आत्याला विचारलं, "कोण पास झालं?"

नोकरी चेंबूरच्या बाजूला, खताच्या कारखान्यात, अमोनियाच्या प्लांटवर. अमोनिया हा त्यांचा स्वभाव बनवणारा पदार्थ होता, म्हणून त्याची थोडी ओळख करून देतो. नायट्रोजन आणि हायड्रोजन हवेच्या दीडदोनशेपट दाबाखाली, साडेचारशे अंशांच्या आसपास, लोखंडाच्या उत्प्रेरकावरून सोडतात. एवढा आटापिटा करूनही एका फेरीत जेमतेम पंधरा-वीस टक्क्यांचाच अमोनिया होतो. मग तेवढा काढून घ्यायचा आणि उरलेला वायू पुन्हा फिरवायचा. जन्मभर हे बघितलेल्या माणसाला कोणाचाच राग येत नाही. मुलाला सातवीत गणितात शंभरपैकी अठरा मिळाले, तेव्हा आत्यानं लाटणं खाली ठेवलं नव्हतं. आतोबा मात्र प्रगतिपुस्तकावर सही करून म्हणाले, "पहिल्या फेरीच्या मानानं बरं आहे. रिसायकल करू." आणि दिवाळीपर्यंत रोज रात्री तोच अपूर्णांकांचा धडा त्याच्यावरून फिरवत बसले. फोडणीच्या पोळीवरही त्यांचं याच तत्त्वानं प्रेम होतं.

या फिरवाफिरवीत एक गोम असते. वायूत आर्गॉन, मिथेन अशी मंडळी असतात. ती कशातच भाग घेत नाहीत. नुसती फिरतात आणि हळूहळू सगळी जागा व्यापतात. म्हणून थोडा वायू सतत बाहेर सोडावा लागतो, त्याला पर्ज म्हणतात. मे महिन्यात आलेले एक लांबचे मामा जूनमध्येही हलेनात, तेव्हा आतोबांनी जेवता जेवता मुलांना हे सगळं आकृती काढून समजावलं. मामांनी मन लावून ऐकलं, पोरांना शाबासकी दिली आणि आषाढी झाल्यावर गेले.

घर हा आतोबांचा दुसरा प्लांट. पण तिथं प्लांट मॅनेजर आत्या होती, आणि तिला दाब, तापमान वगैरे मान्य नव्हतं. कुकरचं भांडण तर लग्नापासूनचं. आतोबांचं म्हणणं, पहिली शिट्टी झाली म्हणजे आत एकशेवीस अंशांच्या जवळपास तापमान झालं, त्यापुढे मोठ्या गॅसवर तापमान वाढत नाही, फक्त वाफ आणि सिलिंडर वाया जातो. तेव्हा आच बारीक करा आणि मिनिटं मोजा. आत्याचं म्हणणं, माझ्या आईनं शिट्ट्या मोजून नऊ माणसांचा स्वयंपाक केला. शास्त्र पूर्णपणे आतोबांच्या बाजूचं होतं, आणि वरण पूर्णपणे आत्याच्या. शेवटी त्यांनी कुकरचे दोन जादा सेफ्टी व्हॉल्व्ह आणून देवघराच्या खणात ठेवले. निरांजनाच्या वाती काढायला गेलं की आधी हाताला व्हॉल्व्ह लागत.

गॅसची तपासणी रोज रात्री. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं गंधकाचं उग्र संयुग मिसळतात. शिवाय तो हवेपेक्षा जड, म्हणजे आधी जमिनीलगत साठणार. म्हणून आतोबा झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करून, ओट्याखाली गुडघे टेकून, लादीला नाक लावून वास घेत. आता पंचाईत अशी की हिंगाचा वासही गंधकाच्या संयुगांचाच. आत्यानं हिंगाचा डबा उघडला की बाहेरच्या खोलीतून हुकूम येई, "कोणी दिव्याचं बटण दाबू नका! खिडक्या उघडा!" नवी सून माप ओलांडून आली त्याच आठवड्यात तिनं सासऱ्यांना लादीवर आडवं बघितलं आणि ॲम्ब्युलन्स बोलवायला निघाली.

त्यांना मनापासून हरलेलं मी एकदाच पाहिलं. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा दरवेळी सव्वा किलोचा होई, त्या वर्षी दहा किलोचा करायचा होता. आतोबा वही घेऊन आचाऱ्यापाशी गेले. भांडं सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं तर माल आठपट होतो, पण उष्णता बाहेर जायला पृष्ठभाग मिळतो चौपटच, तेव्हा विस्तव काढल्यावरही शिरा आतून शिजत राहील, तळ लागेल, असं त्यांनी सांगितलं. आचारी तंबाखू मळत होता. त्यानं शिरा जरा सैल असतानाच पातेल्याखालची लाकडं ओढून घेतली आणि म्हणाला, "साहेब, आता तो आपला आपण होतो." आतोबांनी वही मिटली. त्यानंतर कितीतरी दिवस ते त्या आचाऱ्याचा उल्लेख "आमचे सीनियर" असा करत.

एका बाबतीत त्यांची थट्टा चालत नसे. २ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळला मिथिल आयसोसायनेट सुटला, आणि पुढे कळलं की टाकी थंड ठेवणारं यंत्र बंद होतं, आणि सुटलेला वायू जाळून टाकायच्या फ्लेअरची पाइप दुरुस्तीसाठी काढलेली होती. आतोबांचा त्या कारखान्याशी काही संबंध नव्हता. पण त्यानंतर आत्याच्या जुन्या नारिंगी साडीची एक पट्टी गच्चीच्या कठड्याला बांधली गेली. वारा कुठला हे कळावं म्हणून. वायू सुटला तर वाऱ्याबरोबर पळायचं नाही, आडवं पळायचं, हे आम्हां भाच्यांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं. कुठल्याही मंगल कार्यालयात शिरलं की आधी मागचं दार कुठे आहे ते बघायचं, मग नवरीकडे. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांचे जेवढे फोटो निघाले, त्या सगळ्यांत ते दरवाज्याकडे बघताहेत.

त्यांच्याविषयी बोलायला उभं राहणाऱ्याची अडचण होते ती इथं. सैन्यातल्या माणसाच्या लढाया सांगता येतात, सर्जनची ऑपरेशनं. यांचं सगळं कर्तृत्व न घडलेल्या गोष्टींचं. न झालेला स्फोट, न गळलेला गॅस, न चुकलेला डोस. नाइट शिफ्टला निघताना ते आत्याला दारात उभ्याउभ्या चार्ज देत, "धाकटीला नव्व्याण्णव आहे, सहाला औषध दिलंय. दूध तापवलंय. मोठा निबंध लिहितोय, होऊ दे." आणि सकाळी परत आल्यावर चप्पल काढायच्या आधी विचारत, "रात्री विशेष?" आत्या म्हणे, "काही नाही." मग चहा. आत्याला या प्रश्नाचा भारी वैताग. लोकांचे नवरे गजरा आणतात, हे रिपोर्ट मागतात.

ते गेल्यावर महिन्याभरात मुलानं कपाट आवरायला काढलं. गास्केटं, जुने प्रेशर गेज, पेरीच्या हँडबुकची पाठ निघालेली प्रत. "आई, याला बाबा पर्ज म्हणायचे," असं म्हणत त्यानं खोकं भरलं. आत्यानं ते उघडून निम्म्याहून अधिक वस्तू परत खणात ठेवल्या आणि एक स्वेटर तेवढा बोहारणीला दिला.

त्याच सुमारास सोसायटीचे सेक्रेटरी आले. जिन्यातली अग्निशामक नळकांडी दर महिन्याला आतोबा बघत, आता कोणाला सांगू या म्हणून. आत्यानं पदर खोचला, टॉर्च घेतला आणि त्यांना पुढे घालून चारही मजले उतरली. तिसऱ्यावर थांबली. "काटा हिरव्यात हवा. हा लालात आहे."

"आजवर काही झालं नाही ना पण काकू," सेक्रेटरी म्हणाले.

"भरून कधी मिळेल?"

"बघतो, मंगळवारी माणूस पाठवतो."

"मंगळवारी किती वाजता?"