पंधरा दिवसांत घटस्फोट करून देणाऱ्यांस खुले पत्र

रा. रा. घटस्फोटतज्ज्ञ यांस,
मु. विजेचा खांब, पावणे एमआयडीसी, ठाणे-बेलापूर रस्ता.

सा. न. वि. वि.

'रूम भाड्याने' आणि 'हेल्पर पाहिजे' यांच्या मधोमध चिकटलेली आपली जाहिरात वाचून धन्य झालो. 'घटस्फोट १५ दिवसांत. मुलाचा ताबा गॅरंटीने. काम झाल्यावर पैसे, आधी फक्त टोकन.' खाली मोबाईल नंबर. नाव, सनद, ऑफिस असला पसारा नाही. केमिकल कंपन्यांच्या या पट्ट्यात पिंपावरसुद्धा आत काय आहे ते लिहावे लागते. आपण त्यातून सुटलात, अभिनंदन.

आपल्या वेगापुढे कायदा अगदीच बैलगाडी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे दोघे राजी असले, तरी आधी वर्षभर वेगळे राहावे लागते आणि अर्जानंतर पुन्हा सहा महिने थांबावे लागते. हे सहा महिने माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अमरदीप सिंग खटल्यात सांगितले खरे. पण पोटगी आणि मुलांचा प्रश्न खरोखर मिटला असेल, समेटाची आशा उरली नसेल आणि अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे राहून झाले असेल तर. तेही न्यायाधीशांना पटले तर. आपल्याकडे न्यायाधीशही टोकनवर मिळतात की काय?

वकिलाने जाहिरात करू नये, निकालावर फी ठरवू नये, असे बार कौन्सिलचे नियम आहेत. आपण दोन्ही केलेत. म्हणजे आपण वकील नसाल, हाच आपल्याबद्दलचा सर्वांत चांगला तर्क.

आता 'ताब्या'ची गॅरंटी. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे असावे, असे १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा म्हणतो. 'सामान्यतः' म्हणतो, 'गॅरंटीने' नाही. पुढे सगळे मुलाच्या हितावर ठरते. जाणते असेल तर न्यायाधीश त्यालाही विचारतात: कुठे बरे वाटते, शाळेत कोण सोडते, आजारपणात जवळ कोण असते. शिवाय परिस्थिती बदलली की ताब्याचा हुकूमही बदलता येतो. आपल्या चार ओळींत मुलाच्या हिताला जागा उरली नाही. टोकन मात्र ठळक छापले आहे.

पॅकिंग खात्यात उभ्याने शिफ्ट काढणारी बाई ते टोकन भिशी मोडून भरते. तिला ठाऊक नसते आणि आपण सांगत नाही, की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, पगार कितीही असो. कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्चही त्यातच येतो. कमी उत्पन्नाच्या पुरुषालाही ही दारे उघडी आहेत. एवढे छापले असतेत, तर आपला धंदा बुडाला असता. आपली अडचण समजू शकतो.

कळावे,
आपला एक वाचक

ता. क. हे वाचकांसाठी: खांबावरचा नंबर फिरवू नका. ठाण्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १५१००. टोकन लागत नाही.