वयाचा दाखला

तरुण ताऱ्यांची यादी करणारा शास्त्रज्ञ हा मुळात जनगणनेतला प्रगणक. फक्त त्याच्या वस्तीत दार कोणी उघडत नाही, आणि वयाचा दाखला तर कोणाकडेच नसतो.

पुण्यातल्या एखाद्या खगोलसंस्थेच्या कँटीनमध्ये हे गृहस्थ चटकन ओळखू येतात. चहा गार, लॅपटॉपवर लाखभर ओळींचा तक्ता, आणि तोंडी एकच प्रश्न, "पण हा तरुण कशावरून?" दहा लाख वर्षांच्या ताऱ्याला ते लाडाने 'तान्हं' म्हणतात. तान्ह्याभोवती धुळीची तबकडी असते. ती तापून अवरक्त प्रकाश टाकते. ताऱ्याच्या मानाने हा प्रकाश जास्त भरला की नाव यादीत. पण म्हातारपणी फुगून धूळ ओकणारे राक्षसी तारेही तसेच लाल दिसतात, आणि पार मागच्या दीर्घिकासुद्धा. त्यामुळे लग्नात केस रंगवलेले एखादे काका समोर आले की आमच्या गृहस्थांचा चेहरा एकदम गंभीर होतो.

गर्दीचा त्यांना मनस्वी राग. तेजोमेघाच्या उजेडात दोन तारे एकाच ठिपक्यात बसले तर मोजायचं कोणाला? त्यात 'स्पिट्झर' दुर्बिणीचा आरसा जेमतेम ८५ सेंटिमीटरचा, म्हणजे ठिपके ढोबळच. तिच्या निरीक्षणांवरून २०१२ साली मृग नक्षत्रातल्या दोन मोठ्या मेघांत ३४७९ धूळवाले तरुण नोंदले गेले. पुढे चिलीतल्या 'व्हिस्टा' दुर्बिणीने ४.१ मीटरच्या आरशातून त्यातला एक मेघ न्याहाळला, तर काही 'तरुण' दीर्घिका निघाले, काही नुसतेच धुरकट पुंजके! दुसऱ्याच्या यादीतली नावं अशी गळली की यांच्या घरी श्रीखंड. स्वतःच्या यादीतली गळली तर तिला 'सुधारित आवृत्ती' म्हणायचं.

एकदा बायकोने वाण्याची यादी दिली. "साखर दोनदा आलीये, एक नोंद काढतो," हे म्हणाले. "अहो, दुसरी पिठीसाखर आहे!" करंज्या राहिल्या त्या राहिल्याच.

एक सूचना. यांना गच्चीवर नेऊन मृगातला काक्षी तारा कुठला, हे विचारू नका. इतके झगझगीत तारे मोठ्या दुर्बिणींच्या कॅमेऱ्यात भगभगून जातात आणि यादीतून बाद होतात. यादीबाहेरच्यांशी यांची ओळख नाही.