बंदूक शेवटी, वीज आधी

जुन्नर, शिरूर, आंबेगाव, खेड. पुणे जिल्ह्यातल्या उसाच्या या पट्ट्यात बिबट्यानं एखादं लेकरू ओढून नेलं की दुसऱ्या दिवशी रस्ता अडतो आणि एकच मागणी उठते : दिसेल तो बिबट्या मारा.

ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घरानं हे म्हटलं तर त्याला कोण बोल लावणार? पण तेच वाक्य पुढाऱ्याच्या तोंडी आलं की त्याला हिशेब विचारावा लागतो.

हिशेब जुना आहे. इंग्रजांनी शिकारी जनावरांच्या डोक्यावर बक्षिसं लावली होती. 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत बक्षिसासाठी 80 हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. सरसकट मारण्याचा याहून मोठा प्रयोग कुठला?

वाघ घटला. चित्ता 1952 साली भारतातून नामशेष जाहीर झाला. बिबट्या उसात नांदतो आहे.

बरं, मारू नका, पकडून लांब सोडा, हा दुसरा सल्ला. तोही करून झाला. 2001 नंतर जुन्नर भागात पिंजरे लागले, शंभराहून अधिक बिबटे पकडले गेले, त्यातले काही दूरच्या जंगलात सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. नंतर ते सतरावर गेले.

हलवला बिबट्या, वाढले हल्ले. कारण बिबट्या हद्द धरून राहतो. एक उचलला की त्याच्या जागी दुसरा येतो, आणि उचललेला अनोळखी मुलखात बिथरतो.

तिसरा सल्ला : संख्या फार झाली, जास्तीचे काढून टाका. जास्तीचे म्हणजे किती? 2022च्या गणनेत महाराष्ट्रात 1,985 बिबटे असल्याचा अंदाज आला. ही गणना मुख्यतः वाघांच्या जंगलांतली. उसाचे फड तिनं पिंजून काढलेले नाहीत.

म्हणजे ज्या बिबट्यांवरून भांडण आहे, ते धड मोजलेलेच नाहीत.

आता शहरातल्या प्राणिप्रेमींकडे वळू. नरभक्षक ठरलेलं जनावरही मारू नका, असं चौदाव्या मजल्यावरून सांगणं सोपं आहे. तिथं रात्री पाणी धरायला जावं लागत नाही, की अंगणातल्या पोराला दर पाच मिनिटांनी हाक मारावी लागत नाही.

कायदा याबाबत पुढारी आणि प्राणिप्रेमी या दोघांहून शहाणा आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 11 सांगतं : माणसाच्या जिवाला धोका ठरलेला वाघ किंवा बिबट्या मारता येतो. पण आदेश लेखी हवा, कारणं नोंदवलेली हवीत, आणि जिवंत पकडणं शक्य नाही याची मुख्य वन्यजीव रक्षकाला खात्री पटलेली हवी.

ठराविक जनावर. ठराविक गुन्हा. लेखी आदेश.

यात चुकीचं काय आहे? काहीच नाही. चुकतं ते पाळण्यात. यवतमाळची अवनी वाघीण 13 माणसांच्या मृत्यूला जबाबदार धरली गेली. तिला मारण्याच्या आदेशात हात घालायला सर्वोच्च न्यायालयानंही नकार दिला. तरी 2 नोव्हेंबर 2018च्या रात्री ती मारली गेली तेव्हा बेशुद्ध करण्याचा खरा प्रयत्न झाला होता का, हा प्रश्न उरलाच. माणसं गेली, वाघीण गेली, विश्वासही गेला.

विश्वास गेला की माणूस कायदा हातात घेतो. जानेवारी 2020मध्ये गोव्यात सत्तरीतल्या गोळावलीजवळ, म्हादई अभयारण्यात चार वाघ मेलेले सापडले. एक वाघीण, तिची तीन पिल्लं. गुरं मारल्याच्या रागातून विषप्रयोग. गुराचा पंचनामा त्याच दिवशी आणि भरपाई त्याच आठवड्यात मिळते, असा अनुभव गावाला असता, तर विषाची पुडी कुणी सोडली असती?

विदर्भात रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) उभं पीक झोपवतात. शेतकरी कुंपणात चोरून वीज सोडतो. त्या तारेला वाघ चिकटून मरतो. रानडुकराला खाणारा गेला, रानडुक्कर राहिलं. निसर्गाच्या संतुलनाच्या नावानं गळा काढणाऱ्यांनी आधी या तारेकडे बघावं.

मग करायचं काय?

बिबट्याचं पोट बघा. अकोले तालुक्यातल्या अभ्यासात त्याच्या खाण्याचा 87 टक्के भाग पाळीव किंवा गावात वावरणाऱ्या जनावरांचा निघाला. त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, 39 टक्के. कुत्री कशावर पोसतात? गावच्या उकिरड्यावर, हॉटेलांच्या आणि कोंबड्यांच्या दुकानांच्या कचऱ्यावर. कचरा उघडा ठेवायचा आणि बिबट्या वस्तीत का येतो म्हणून विचारायचं?

आणि रात्री बाराला शेतकरी उसात का असतो? कारण शेतीची थ्री फेज वीज अनेक ठिकाणी पाळीपाळीनं रात्री येते. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली. बिबट्याच्या पट्ट्यातल्या प्रत्येक फीडरला ती आधी मिळायला हवी होती.

शार्पशूटर एका रात्रीत येतो. दिवसाची वीज यायला वर्षं का लागतात?

नरभक्षक ठरलेलं एक जनावर मारणं हे पाप नाही. पण ते मारून काम संपलं असं सांगणं ही फसवणूक आहे. पुढच्या वेळी तुमच्या गावात मंत्री येतील तेव्हा बंदूक मागू नका. दिवसाची वीज, बंदिस्त गोठा आणि वेळेवर भरपाई मागा. आणि तारीख लिहून घ्या.