शून्य परिकल्पना

रविवार, सकाळचे साडेदहा. शिक्षणशास्त्राच्या पीएच.डी.चं कोर्सवर्क. बाकांवर दोन मुख्याध्यापक, बी.एड. कॉलेजातले तिघे, झेडपी शाळेतल्या एक बाई आणि मी. सगळ्यांची मिळून नोकरी शंभर वर्षांच्या आसपास भरावी. पडद्यावर स्लाइड : 'ज्ञानरचनावाद – विद्यार्थी स्वतः ज्ञानाची निर्मिती करतो.' सरांनी ती वाचली. मागच्यांना दिसत नव्हती म्हणून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "लिहून घ्या."

आम्ही लिहून घेतलं.

शेजारच्या बाईंनी 2015 साली, 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा जीआर निघाला तेव्हा, याच ज्ञानरचनावादापायी पदरचे पैसे घालून वर्गाची अख्खी फरशी ऑइलपेंटने रंगवली होती. पोरं तिच्यावर रांगत बेरजा शिकली. बाई हळूच म्हणाल्या, "सर, माझी पहिलीची पोरंसुद्धा इतका वेळ गप्प बसायची नाहीत हो."

यूजीसीचा हिशेब मात्र चोख. 2022च्या नियमावलीप्रमाणे कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. त्यात 55 टक्के पडले नाहीत तर प्रबंध सादर करता येत नाही. शिवाय विषय कुठलाही असो, संशोधकाने अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यायचंच. रसायनशास्त्रवाल्यांचं ठीक आहे, त्यांच्यातले काही आयुष्यभर फळ्याशीच बोलतात. पण इथे बी.एड. झालेल्यांना एम.एड. झालेले शिकवतात, की शिकवावं कसं. तेही खुर्चीत बसून.

'संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता' हा 2 क्रेडिटचा पेपरही सक्तीचा. त्याची असाइनमेंट गेल्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून आली. एकाने ती उतरवताना आधीच्या मालकाचं नावही इमानेइतबारे उतरवलं. प्रबंधात दहा टक्क्यांच्या वर साम्य सापडलं की तो परत येतो. असाइनमेंट हाताने लिहायची असते, आणि सॉफ्टवेअरसमोर ती कोण धरणार?

चार वाजता हजेरीपट फिरला. सकाळच्या आणि दुपारच्या सह्या एकदमच. बाईंनी हात वर केला. "सर, माझा विषय ठरला. 'पीएच.डी. कोर्सवर्कमधील व्याख्यान पद्धतीच्या परिणामकारकतेचा चिकित्सक अभ्यास'. चालेल?"

सर खूश. दिवसभरात पहिल्यांदाच स्लाइड न बघता बोलले : "उत्तम! शून्य परिकल्पना मीच सांगतो. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीच्या गुणांत सार्थक फरक नाही. लिहून घ्या."