जंतूंचे वकील

क्षयाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेला माणूस एक तर जंतूंना घाबरतो, नाही तर त्यांना विसरतो. आमच्या अण्णांनी तिसराच मार्ग धरला. त्यांनी जंतूंचं वकीलपत्र घेतलं.

अण्णा स्लाइड रंगवताना बघावेत. बेडका पसरून, वाळवून, ज्योतीवर पक्का केला की वर कार्बोल फुक्सिन आणि खालून पलिता. वाफ निघाली पाहिजे, उकळी फुटता कामा नये. घरी आमटी उतू घालवणारा हा गृहस्थ इथे पापणी लववत नाही. मग २५ टक्के गंधकाम्ल. बाकी सगळ्यांचा रंग उतरतो, या मेणचट कातडीच्या मंडळींचा नाही. शेवटी मेथिलीन ब्लूचा हात मारला की निळ्या पटावर लाल काड्या. अण्णा सूक्ष्मदर्शकावरून मान वर करतात, "आम्लातही रंग सोडत नाहीत. असा एक आमदार दाखवा!"

पण त्यांचा मुख्य खटला नावांचा. "एका ट्यूबरक्युलोसिसनं आपल्याला छळलं, म्हणून माती-पाण्यात सुखानं नांदणाऱ्या शंभरावर भाऊबंदांना आपण काय म्हणतो? नॉन-ट्यूबरक्युलस! म्हणजे गावात चोर एक, आणि उरलेल्या गावाला हाक मारायची, अहो बिगरचोर!" पुढचा साक्षीदार गाय. "क्षय माणसाला गाईकडून आला असं वर्षानुवर्षं शिकवलं. २००२ साली जनुकं ताडून पाहिली, तर गाईच्या क्षयजंतूची, बोव्हिसचीच शाखा नंतरची निघाली. गाईची माफी मागितली कुणी? आणि पाळलेल्या हत्तीला माहुताकडून क्षय होतो, त्याला कुणी मानवी उपद्रव म्हणतं?"

अण्णांची पुतणी जुन्नरकडच्या उसातले बिबटे आणि तिथली माणसं यांवर प्रबंध लिहिते. एकदा ती लॅबवर आली. तिच्या तोंडून 'मानव-बिबट संघर्ष' निघायचा अवकाश, अण्णा उसळले. "बिबट्याला विचारलंस का, संघर्ष आहे की शेजार? उसात पिल्लं घालणाऱ्या मादीचं ते बाळंतघर आहे!"

"तीच तर अडचण आहे, काका. वाघोबाला नारळ वाहणारे माझ्याशी बोलतात. बिबट्या बोलत नाही. मग प्रबंध शेवटी माणसांचाच होतो."

"सराव नाही तुला. थांब."

तिला काचेबाहेर उभं करून, मास्कमधून ओरडत, अण्णा एकेक बंद बाटली उजेडात धरू लागले. आत जंतू वाढवायचं हिरवट, अंड्यांचं एलजे माध्यम. "हा ट्यूबरक्युलोसिस. दुप्पट व्हायला पंधरा-वीस तास घेतो. सरकारी फाइल! आठ आठवडे झाल्याशिवाय 'नाही' म्हणून लिहायची सोय नाही. ही कान्सासाय. अंधारात फिकुटलेली, उजेड दाखवला की पिवळीधमक. नवी नवरी! हा फॉर्च्युइटम, आठवड्याच्या आत हजर, पहिल्या पंगतीचा भिडू. आणि ही नारिंगी गॉर्डोनी. नळाच्या पाण्यातून येते आणि पेशंटच्या नावावर राहते. आमचा मेहुणा!"

पुतणी शांतपणे म्हणाली, "काका, फाइल झाली, नवरी झाली, मेहुणा झाला. यात जंतू कुठे आहे?"

अण्णा बाटली धरून तसेच उभे. तीस वर्षांत प्रथमच त्यांच्या मास्कमधून आवाज आला नाही. मग हळूच म्हणाले, "अगं, अशील कुणीही असो, कोर्ट माणसांचंच ना. तिथली भाषा बोलावी लागते."

ती गेल्यावर टेबलावर एक चिठ्ठी सापडली. 'नमुना : काका. वाढ मंद. आम्लातही रंग सोडत नाही. अंधारात फिकट, श्रोत्यांचा उजेड पडला की पिवळाधमक.'

अण्णांनी ती दोनदा वाचली, खिशातलं लाल पेन काढलं आणि खाली शेरा मारला : 'ओळख बरोबर. खात्रीसाठी नायट्रेट चाचणी करून घ्यावी.'