लाईट कायमची घालवून मिळेल

‘शेठ, डॅशबोर्डवरची पिवळी लाईट कायमची घालवून देतो.’ बीएस-६ डिझेल पिकअपच्या मालकाच्या कानावर हे वाक्य पडलं की समजावं, गाडी दुरुस्त होणार नाहीये. लॅपटॉप जोडून ईसीयूमधून, म्हणजे गाडीच्या संगणकातून, डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा) विषयच पुसतात, डबा कापून आतली जाळी फोडून काढतात आणि वरून वेल्डिंग मारतात. बाहेरून डबा जागच्या जागी, आत नुसती पोकळी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असले फेरफार करू देत नाही. तरी हा धंदा राजरोस चालतो आणि त्याची काजळी भिवंडीच्या नारपोलीतल्या पोराबाळांच्या छातीत जाऊन बसते. याचा राग यायलाच हवा.

मालकाची अडचण मात्र खोटी नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर ही सिरॅमिकची जाळी बसली. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी जाळीत ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग पळावी लागते. नारपोलीत कुठे पळणार? अंजूरफाट्याची कोंडी, या गोदामातून त्या गोदामात, पहिला-दुसरा गिअर, माल उतरेपर्यंत इंजिन चालूच. काजळी जळायला सुरुवात होते न होते तोच ड्रायव्हर चावी फिरवतो. असं वारंवार झालं की काजळी जाळायला सोडलेलं जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा, ऑइलची पातळी वर चढलेली दिसेल. पातळी वाढली म्हणून खूश होऊ नका. ते पातळ झालेलं ऑइल इंजिन खातं.

दिवा लागल्यावर स्कॅनर जोडला की पी२४६३ सारखा कोड येतो. अर्थ एवढाच, की गाडीच्या मते जाळीत काजळी फार झालीये. का झाली, हे कोड सांगत नाही, आणि आपल्याकडचं निदान नेमकं इथेच थांबतं. एक गॅरेज म्हणतं नवी जाळी टाका, दुसरं म्हणतं काढून टाका. मधलं कामच कोणी करत नाही.

ते काम तसं अवघड नाही. जाळीच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणारा एक सेन्सर असतो, त्याला दोन बारीक नळ्या. चावी ऑन, इंजिन बंद, अशा स्थितीत स्कॅनरवर हा फरक शून्याजवळ दिसला पाहिजे. नाही दिसला तर आधी संशय सेन्सरवर घ्यावा, जाळीवर नव्हे. मग नळ्या काढून बघाव्यात: एखादी तडकलेली असते, एखादी काजळीने बुजलेली. थोडक्या पैशांच्या नळीपायी हजारोंची जाळी भंगारात गेली, तर तो शुद्ध आळस आहे. आकडा शून्यावर आहे, पण रेस दिल्यावर झपकन चढतो, तर जाळी खरंच तुंबलीये. तेव्हाही आधी इंजेक्टर गळतोय का, टर्बोतून ऑइल जातंय का, धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह अडकलाय का हे पाहायचं. हे न बघता बसवलेली नवी जाळीही तुंबणारच. सगळं धड निघालं, तर गाडी माणकोलीवरून नाशिक हायवेला काढावी आणि पडघ्याकडे एका चालीत पळवून आणावी. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. (ऑइल बदलताना डीपीएफला चालणारं कमी राखेचंच घ्या. काजळी जळते, राख जळत नाही.)

मग जाळी काढलेल्या गाड्या प्रदूषण तपासणीत, म्हणजे पीयूसीत, सापडत का नाहीत? डिझेल गाडीला तिथे रेस देऊन धूर किती दाट आहे एवढंच बघतात. इंजिन ठीक असेल तर जाळी काढलेली गाडीही त्यात पास होऊ शकते. मोठ्या ट्रकमध्ये नायट्रोजनचे ऑक्साइड मारण्यासाठी युरियाचं पाणी लागतं. ते वाचवायला सेन्सरला फसवणारी डबी बसवली, तरी पीयूसीला पत्ता लागत नाही, कारण तिथे ते वायू मोजतच नाहीत. फोक्सवॅगनने सॉफ्टवेअरने केलेली हीच फसवणूक २०१५ मध्ये उघड झाली, तेव्हा जग खवळलं. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने आपल्याकडच्या गाड्या तपासल्या, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड सुनावला, मग सर्वोच्च न्यायालयाने त्या कारवाईला स्थगिती दिली. गल्लीत होणाऱ्या त्याच फसवणुकीला मात्र आपण ‘जुगाड’ म्हणून सोडून देतो.

नेदरलँड्समध्ये जानेवारी २०२३ पासून गाडीच्या तपासणीत धुरातले कण मोजणारं यंत्र लावतात. नुसत्या आयडलिंगवर मोजणी होते आणि जाळी फुटलीये की गायब आहे हे कळतं. मालवाहू गाड्यांना फिटनेस तपासणी आपल्याकडेही चुकत नाही. परिवहन खात्याने हे यंत्र तिथे आणावं आणि पहिलं भिवंडीला द्यावं.