वानुआतूची पाटी कुणाला हवी?

शाळा-कॉलेजांत एमयूएनचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अभिरूप अधिवेशनांचा मोसम आला की देशवाटपावरून रुसवेफुगवे होतात. अमेरिका, रशिया, चीन मिळाला तर पोरं खूश. एखादं बेट वाट्याला आलं की चेहरे पडतात. समितीही सुरक्षा परिषदच हवी, कारण तिथे नकाराधिकार! पण अलीकडे विद्यार्थ्यांनी जागतिक राजकारणात खरोखरची मजल मारली ती एका बेटावरून, आणि नकाराधिकाराला वळसा घालून.

२०१९ साली पोर्ट व्हिलात, म्हणजे वानुआतूच्या राजधानीत, युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकमध्ये कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं की, हवामानबदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. पलाऊ या बेटदेशाने आधी हाच प्रयत्न केला होता, तो फसला होता. तरी या पोरांनी पॅसिफिकमधल्या नेत्यांना पत्रं धाडली. जेमतेम तीन लाख वस्तीच्या वानुआतूच्या सरकारने त्यांचं म्हणणं उचलून धरलं.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ९६व्या कलमानुसार आमसभा न्यायालयाचं सल्लागार मत मागू शकते. तिथे वानुआतूचं मत आणि अमेरिकेचं मत सारखंच. मग सुरू झालं ते खरं काम: मसुद्यातल्या शब्दाशब्दावर घासाघीस, एकेक देश वळवणं. मार्च २०२३मध्ये ज्युडी आणि केविन ही दोन चक्रीवादळं एकाच आठवड्यात वानुआतूवर आदळली. त्याच महिन्यात, २९ तारखेला, ठराव मतदान न घेता मंजूर झाला. सहप्रस्तावक देश १३०हून जास्त! २३ जुलै २०२५ला न्यायालयाने एकमताने सांगितलं की हवामानाचं रक्षण ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती मोडली तर भरपाईही द्यावी लागू शकते.

हे मत बंधनकारक नाही, हे खरं. पण उद्या कुठल्याही देशातला वकील ते कोर्टात दाखवू शकतो, आणि ते नाकारणाऱ्या सरकारला कारण द्यावं लागेल. न्यायालयापुढच्या सुनावणीत भारताने श्रीमंत देशांच्या जुन्या उत्सर्जनावर बोट ठेवलं, ते योग्यच. मात्र सध्याच्या करारांपलीकडे नवी बंधनं लादू नका, असंही सांगितलं. आपल्या पोरांनी ही भूमिका मुळातून वाचावी, पटली नाही तर खोडून काढावी.

आमच्याकडे मात्र ‘बेस्ट डेलिगेट’ची ट्रॉफी बहुतेकदा माइक न सोडणाऱ्याला मिळते. ती विरोधकाची सही मिळवणाऱ्याला द्या. आणि ही अधिवेशनं भरमसाट शुल्काच्या इंग्रजी शाळांपुरती का? ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. बाग पुन्हा उभी राहायला किती वर्षं लागतात, हे तिथल्या पोरांना कुणी शिकवायला नको. जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठीतून एमयूएन भरवा. खर्च फळा, खडू आणि तयारीच्या शिक्षकाचा. वानुआतूची पाटी त्या पोरांकडे द्या आणि अमेरिकेच्या पाटीमागे बसलेल्याला त्यांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला लावा.